ऋणकोच्या दप्तरात सापडलेला सावकार

२८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला थोरले बाजीराव वारले. पेशवाईची वस्त्रे थोरल्या मुलाला, म्हणजे बाळाजीला मिळणार असेच बहुतेकांनी गृहीत धरले होते. पण शाहू महाराजांच्या दरबारात दुसरेही एक नाव पुढे आले. ते कुण्या सरदाराचे नव्हते. ते होते बारामतीच्या एका सावकाराचे, सदाशिव ऊर्फ बाबूजी नाईक जोशी यांचे. मेलेल्या पेशव्याचे ते धनको होते आणि सोयरेही होते. पेशवाई आपल्याला मिळावी म्हणून त्यांनी महाराजांना मोठी नजर द्यायची तयारी दाखवली होती.

कसब्याच्या गावातला एक सावकार मराठी राज्याच्या मुख्य प्रधानपदावर हक्क सांगतो, ही गोष्ट आज विचित्र वाटते. त्या काळात ती तशी नव्हती. का नव्हती, हे कळायला राज्याचा पैसा कसा फिरत होता ते आधी पाहावे लागते.

शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा त्यांच्याजवळ नाव होते, खजिना नव्हता. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथ-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या आणि कागदावर राज्य श्रीमंत झाले. सनद मात्र वसुलीचा हक्क देते, वसूल देत नाही. फौज दसऱ्याला बाहेर पडायची. घोडा, दाणा, वैरण आणि शिपायाचा रोजमुरा यांना पैसा तेव्हाच लागायचा. रयतेकडचा सारा यायचा पीक हाती आल्यावर, हप्त्याहप्त्याने. मुलूखगिरीचा पैसा त्याहून उशिरा यायचा, आणि लढाई बिघडली तर यायचाच नाही. ही मधली पोकळी सावकार भरून काढत. येणाऱ्या वसुलावर आगाऊ पैसा उचलायचा, त्याला रसद म्हणत. सावकाराला रोकड परत देण्याऐवजी एखाद्या परगण्याच्या वसुलावर वरात लिहून द्यायची. व्याज दरमहा शेकड्यावर ठरे आणि हुंडीने पैसा पाठवला तर हुंडणावळ वेगळी. राज्याची स्वारी जितकी लांब जाई, तितका सावकार जवळचा होत जाई.

बाजीरावांच्या स्वाऱ्या तर दिल्लीच्या वेशीपर्यंत गेल्या. वीस वर्षांच्या पेशवाईत हा माणूस रणांगणावर फारसा हरला नाही आणि कर्जातून कधी वर आला नाही. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या विनवण्या करून जीव नकोसा झाल्याची कैफियत त्यांनी पुन्हा पुन्हा मांडली आहे. गंमत अशी, की ज्यांच्यापुढे ही कैफियत मांडली ते स्वामीही पेशव्यांना कर्जाऊ पैसे देत आणि हिशेब मागत. बाजीराव वारले तेव्हा डोक्यावर चौदा-पंधरा लाखांचे कर्ज होते असे इतिहासकार सांगतात.

अशा ऋणकोला सांभाळून घेणारी दोन घराणी लक्षात ठेवावी अशी आहेत. एक वाईचे रास्ते. मूळ आडनाव गोखले, पेशा सावकारीचा. भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी गोपिकाबाई १७३० मध्ये बाजीरावांच्या थोरल्या मुलाला दिली. दुसरे बारामतीचे जोशी. बाळाजी विश्वनाथांची मुलगी, म्हणजे बाजीरावांची बहीण भिऊबाई, ही बाबूजींचे भाऊ आबाजी नाईक यांना दिलेली होती. दोन्ही घरे कोकणातून वर आलेली, दोन्ही ‘नाईक’ म्हणवणारी. चित्पावन सावकारांत हे उपपद मानाचे समजले जाई. पैसा आणि सोयरीक अशी दोन्हीकडून गाठ मारली की देणे बुडत नाही, असा हिशेब दोन्ही बाजूंनी केलेला दिसतो. रास्त्यांच्या बाबतीत तो बरोबर आला. बारामतीकरांच्या बाबतीत चुकला.

कारण सोयरीक झाली म्हणून व्याज थांबत नाही. बाबूजींचा तगादा चालू राहिला आणि बाजीरावांच्या हयातीतच दोन्ही घरांत वितुष्ट आले. बाजीराव गेले तेव्हा या वितुष्टाचा फायदा घेणारा माणूस तयारच होता. तो म्हणजे नागपूरकर रघूजी भोसले. त्या वेळी ते कर्नाटकाच्या मोहिमेत गुंतलेले होते. पेशवाई पुन्हा त्याच घरात गेली तर आपल्याला मोकळीक मिळणार नाही, हे ते ओळखून होते. ते घाईने साताऱ्याकडे परतले आणि बाबूजींचे नाव त्यांनी पुढे केले. बाबूजींकडे पैसा होता आणि पेशव्यांच्या घराशी नाते होते. त्याच घराविरुद्ध राग होता तो वेगळाच.

शाहू महाराजांनी दोन महिने विचार केला. एकोणीस वर्षांच्या बाळाजीला, म्हणजे नानासाहेबांना, त्यांनी पावसाळ्याच्या सुरुवातीला वस्त्रे दिली. आजोबांची आणि बापाची चाकरी पाहून मुलाला पद देणे हा महाराजांचा स्वभाव होता. शिवाय धनकोच्या हाती प्रधानपद गेले तर राज्य कोण कोणाकडे गहाण ठेवतो, हा प्रश्न त्यांना सुचला नसेल असे मानायचे कारण नाही.

डाव हुकला तसे बाबूजींनी दुसरे हत्यार काढले. बाजीरावांच्या वेळचे सगळे देणे आत्ताच्या आत्ता फेडा, अशी त्यांनी नव्या पेशव्याकडे मागणी केली. त्या काळी धनको ऋणकोच्या दारात धरणे धरून बसे आणि अब्रूदार माणसाला ते तलवारीपेक्षा जास्त लागे. नवा पेशवा पहिल्याच पावसाळ्यात दिवाळखोर ठरला असता तर वस्त्रांना काही अर्थ उरला नसता. या पेचातून त्यांना सोडवले ते दिवाण महादोबा पुरंदरे यांनी. त्यांच्या पतीवर रक्कम उभी राहिली आणि नाईकांचे तोंड बंद झाले. सावकाराचा मार दुसऱ्या पतीनेच परतवता येतो, हे पुरंदऱ्यांना बरोबर कळले होते. बाबूजी मग रघूजींबरोबर कर्नाटकात गेले.

पुढचा अंक कर्नाटकातच घडला. मराठ्यांनी १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेतली आणि १७४३ मध्ये निजामाने ती परत मिळवली. दक्षिणेतली वसुली विस्कटली. ती पुन्हा बसवण्याचे काम महाराजांनी पेशव्यांना न देता बाबूजींकडे सोपवले. कृष्णा-तुंगभद्रेच्या पट्ट्यातली चौथ-सरदेशमुखी ठराविक रकमेच्या मक्त्याने त्यांनी घेतली. मक्तेदाराने सरकारला ठरलेला आकडा भरायचा आणि वसूल आपल्या जोरावर करायचा, असा तो व्यवहार. सावकाराच्या डोक्याला तो पटण्यासारखाच होता. व्याजाच्या मागे धावण्यापेक्षा मूळ झराच आपल्या ताब्यात येत होता.

पण मक्ता फौजेविना वसूल होत नाही आणि फौज पगाराविना उभी राहत नाही. महाराजांचे मानसपुत्र फत्तेसिंह भोसले आणि बाबूजी नाईक यांच्या मोहिमा सलग फसल्या. विरोध अपेक्षेपेक्षा कडवा निघाला, शिबंदीचा खर्च वसुलाच्या पुढे गेला आणि ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना कर्ज दिले त्याच्याच डोक्यावर कर्ज चढले. पेशव्यांची मदत घ्यायला ते तयार नव्हते आणि पेशवेही ते बुडण्याची वाटच पाहत होते. १७४६ च्या अखेरीस पेशव्यांचे चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ स्वतः कर्नाटकात उतरले आणि बाबूजींना जे जमले नव्हते ते त्यांनी काही महिन्यांत करून दाखवले. भाऊ सेनापती म्हणून थोर होतेच. पण त्यांच्यामागे पुण्याची पत उभी होती आणि बाबूजींच्या मागे फक्त बाबूजींची.

निर्णायक घाव मात्र लढाईत बसला नाही. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज वारले. तोवर पेशव्याविरुद्ध दाद मागायला सातारा होता, छत्रपती होते, राण्या होत्या, रघूजींसारखे पाठीराखे होते. बाबूजींचे सारे बळ या दुसऱ्या दरवाज्यात होते. महाराजांच्या मागे कारभार पुण्याला गेला आणि ऋणकोच न्यायाधीश झाला. पुण्याच्या पेठांत नवे सावकार बसले. ते सर्वस्वी पेशव्यांच्या कृपेवर वाढलेले, त्यामुळे तगादा करतानाही आवाज न चढवणारे. रास्त्यांच्या पुढच्या पिढ्या सरदार झाल्या. आनंदराव रास्त्यांच्या नावाची पेठ आजही पुण्याच्या नकाशावर आहे. बारामतीचे नाईक कऱ्हेकाठच्या आपल्या वाड्यात राहिले.

तिथे त्यांनी केलेली एक गुंतवणूक मात्र कायमची ठरली. पन्हाळ्याला जन्मलेला आणि तिथेच पाध्ये गुरुजींकडे काव्य-व्याकरण शिकलेला मोरेश्वर रामाजी पराडकर हा चोविशीतला तरुण बारामतीला आला. नाईकांच्या आश्रयाने तो पुराण सांगू लागला, लिहू लागला आणि १७९४ मध्ये वारला तोही बारामतीतच. मोरोपंतांच्या आर्या ज्यांनी शाळेत घोकल्या, त्यांतल्या फार थोड्यांना हे माहीत असते, की हजारो आर्यांमागचा चुलीचा खर्च एका पडत्या काळातल्या सावकाराने उचलला होता. आज बाबूजींची ओळख बहुतेक ठिकाणी ‘मोरोपंतांचे आश्रयदाते’ एवढीच दिली जाते. राज्याचा हिशेब ज्यांच्या दारात अडला होता, त्यांना कवीच्या चरित्रात एक परिच्छेद मिळाला.

असे का झाले, याचे उत्तर कागदांत आहे. बाबूजी नाईकांबद्दल आपल्याला जे कळते ते मुख्यतः त्यांच्या ऋणकोच्या दप्तरातून. पेशवे दप्तर १८१८ नंतर इंग्रजांच्या हाती पडले, इनामांची चौकशी करताना त्यांनी ते वापरले आणि पुण्यात जपून ठेवले. गो. स. सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड छापले. बाजीरावांच्या पत्रांतून सावकार म्हणजे छळ, नानासाहेबांच्या पत्रांतून बाबूजी म्हणजे कारस्थान. इतिहासकार ग्रँट डफने इंग्रजीत लिहिताना त्यांचे नाव ‘बापूजी’ केले आणि पेशव्यांच्या बाजूचेच चित्र पुढे नेले. नाईकांची रोजकीर्द, खतावणी, कर्जरोख्यांचे बाड आपल्यापुढे असते तर त्याच घटना वेगळ्या दिसल्या असत्या. ज्या माणसाच्या मुद्दलावर मोहिमा झाल्या, त्याने मुद्दल मागितले यात गुन्हा कसला, हा प्रश्न त्या बाडाने नक्की विचारला असता.

महाराष्ट्रात ज्यांच्या घरात सावकारी होती, त्या प्रत्येक घराण्याला पूर्वज शोधताना याच अडचणीतून जावे लागते. सावकाराचे कागद टिकत नाहीत. ते टिकू नयेत अशी इच्छा असलेले लोक फार असतात.

त्याचा सगळ्यात उघड पुरावा बाबूजींच्या वाड्यापासून फार लांब नाही. आजच्या बारामती तालुक्यातले सुपे हे बाजाराचे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. पेशवाईतले मोठे सावकार राज्याला कर्ज देत. इंग्रजी अमलात राज्याला त्यांची गरज उरली नाही. सावकारी मग खाली, थेट कुणब्याच्या ओसरीवर उतरली. गुजर वाणी होते, मारवाडी होते. नगर जिल्ह्यातले वांबोरी हे मारवाडी सावकारांचे मोठे ठाणे झाले होते. सारा आता रोकडीत आणि ठरल्या दिवशी भरावा लागे, म्हणून कुणबी सावकाराकडे जाई. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने जुन्या खतावर दावा करायला थोडीच वर्षे ठेवली. तो ऋणकोच्या भल्यासाठी होता. सावकारांनी त्यावर तोडगा काढला. मुदत संपत आली की थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घ्यायचे. अंगठा उठवणाऱ्याला आकडा वाचता येत नसे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकाराने हात सैल सोडला. यादवी संपली, भाव कोसळले, त्यातच नव्या पाहणीने साऱ्याचे दर वाढवले. उधारी बंद झाली आणि वसुली सुरू झाली. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात १८७४ च्या डिसेंबरात लोकांनी मारवाडी सावकारांवर बहिष्कार घातला. कोणी त्यांची हजामत करीना, कोणी पाणी भरीना. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजाराच्या दिवशी मात्र बहिष्कारावर भागले नाही. जमाव गुजर सावकारांच्या घरांत आणि दुकानांत शिरला. लुटालूट झाली, पण मन होते कागदांवर. खते, रोखे, हुकूमनामे रस्त्यावर आणून त्यांची होळी केली. पुढच्या आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी हेच घडले. जिथे सावकाराने मुकाट्याने खते काढून दिली तिथे बहुधा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. ९५१ लोक पकडले गेले, ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

या दंग्यांना खेडूतांच्या बाजूने पाहणे आज आपल्याला सोपे जाते, आणि ते बहुतांशी योग्यही आहे. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला मात्र त्या होळीत आणखीही काही जळताना दिसते. कोणत्या साली कोणाच्या लग्नाला किती उचल झाली, बैल कधी घेतला, विहीर कोणी खणली, दुष्काळात कोण गाव सोडून गेला, याची गावातली एकमेव लेखी नोंद सावकाराच्या वहीत असायची. पुढे १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. तेव्हाही कित्येक वाड्यांतली दप्तरे गेली. उरलेली वाळवीने आणि वाटण्यांनी संपवली.

पण दंग्यांनीच एक नवी वाट उघडून दिली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. या कायद्याने कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार उकरण्याचा अधिकार दिला. शेतकऱ्याची खते गावोगावच्या नोंदणी अधिकाऱ्यापुढे व्हावीत असे ठरवले. त्यामुळे ज्या सावकाराची वही जळाली, त्याच्या पुढच्या व्यवहारांची साक्ष सरकारी दप्तरात शिल्लक राहिली. मुद्दल किती, व्याज किती, नवे खत केव्हा, दामदुपटीची मर्यादा ओलांडली की नाही, सगळे साक्षीपुराव्यासह. पूर्वजाला न्यायाधीश उलटतपासणी करतो आहे, असे वाचणे प्रत्येक वंशजाला आवडेलच असे नाही. तरी त्याचा आवाज ऐकू येण्याची सर्वांत जवळची जागा हीच.

त्याआधीच्या काळासाठी कागद वेगळे आहेत. कुलवृत्तान्त बहुतेकांच्या हाती प्रथम लागतो. तो नावांचा सांगाडा देतो आणि पूर्वजांबद्दल सहसा चांगलेच बोलतो. सावकारी केलेल्या आजोबांना तिथे हमखास ‘दानशूर’ म्हटलेले असते. त्र्यंबकेश्वराच्या किंवा काशीच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या जास्त कोरड्या, म्हणून जास्त कामाच्या. कोण, कोठला, बरोबर कोण आले होते, एवढेच त्यांत असते. पण यात्रेकरूने स्वतः सांगितलेली ती वंशावळ असते आणि पिढ्यांची जुळणी तिच्यावरून करता येते. इनामाच्या चौकशीत घराण्याने स्वतःच दाखल केलेली कैफियत तर छोटे आत्मचरित्रच असते. अर्थात जमीन वाचवण्यासाठी लिहिलेले.

आणि कधीमधी एखादी हुंडी सापडते. वीतभर कागद, वर ‘श्री’, मोडीत सलग ओढलेल्या ओळी. कोणी कोणावर काढली, पैसे कोणाकडून मिळाले, किती दिवसांनी द्यायचे. दर्शनी असेल तर पाहताच, मुदती असेल तर मुदतीने. शहाजोग असेल तर गावातल्या पतदार पेढीमार्फतच पैसे मिळायचे, वाटेत चोरली तरी चोराला उपयोग नाही. रक्कम हजार असेल तर पुढे लिहिलेले असायचे की निमे पाचशे, त्याची दुप्पट. कोणी आकड्यात फेरफार करू नये म्हणून ही युक्ती. मूळ हुंडी हरवली तर पैठ, तीही हरवली तर परपैठ. अशा एका चिठोऱ्यावरून पूर्वजाची पत कोणत्या शहरापर्यंत चालत होती, ते कळते. बारामतीसारख्या गावात बसून काशीला किंवा सुरतेला पैसे देता येणे, हा जो विश्वास होता, तो सावकाराच्या वाड्यातल्या रोकडीपेक्षा मोठा होता. कर्नाटकाच्या मक्त्यात बाबूजींचा पैसा गेला, पण खरा तोटा झाला तो या विश्वासाचा.

त्यांना कारस्थानी म्हणायचे की अन्याय झालेला धनको, यावर आजही दोन मते पडू शकतात. प्रस्तुत लेखकाला दुसरे मत अधिक पटते. पेशवाई मागण्यात बाबूजींची महत्त्वाकांक्षा होती हे खरे, पण ज्या राज्याने कर्जावर मोहिमा काढल्या त्याने धनकोला खलनायक ठरवून स्वतःचा हिशेब मिटवला, हेही तितकेच खरे. बारामतीचा त्यांचा वाडा पुढे सरकारी कचेऱ्यांसाठी वापरला गेला आणि अलीकडे त्याच्या जतनाचे काम झाले आहे.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत आणि सरदेसायांच्या ४५ खंडांत त्यांतला थोडाच भाग आला. बाकीचा मोडीत आहे. पुराभिलेख संचालनालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ मोडी शिकवण्याचे वर्ग घेतात. ज्यांच्या आडनावामागे कधीकाळी नाईक, सराफ, सावकार किंवा पोतदार असे काही लागत होते, त्यांनी तिथे एकदा नाव घालावे. आणि माळ्यावर लाल फडक्यात बांधलेले एखादे बाड असेल, तर ते रद्दीवाल्याला देण्याआधी मोडी वाचणाऱ्याला दाखवावे.